यंत्रातील स्थानच्युती : आट्यांपासून पावलांपर्यंत

नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. ती घडविणाऱ्या तांबटाला ‘स्थान’ हा प्रश्न फारसा पडत नसे. हातोड्याचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याकडे पाहून पडे आणि भांड्याचा आकार डोळा व हात यांच्या सततच्या तपासणीतून सिद्ध होई. त्याच शहराच्या सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत आज जी लहान सीएनसी यंत्रे लाकडावर नक्षी कोरतात किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीत भोके पाडतात, त्यांपैकी स्टेपर मोटरवर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट नेमकी उलट आहे. हत्यार कोठे असावे हे यंत्राला आकड्यांनी सांगितलेले असते. ते प्रत्यक्षात कोठे आहे हे मात्र यंत्राला कधीच कळत नाही. ३०० मिलिमीटरवर पाडावयाचे भोक ३००.२ मिलिमीटरवर पडले, तरी पडद्यावरचा आकडा ३०० हाच राहतो.

यंत्रांच्या अचूकतेचा इतिहास सामान्यतः आकड्यांच्या उतरत्या श्रेणीने लिहिला जातो : इंचाचा शतांश, मग सहस्रांश, मग दशसहस्रांश. ह्या मांडणीत एक महत्त्वाची बाजू झाकली जाते. अचूकता वाढविणाऱ्या कारागिरांनी व शास्त्रज्ञांनी चूक किती आहे ह्यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे, हाच प्रश्न प्रथम सोडविला होता. जी चूक त्याच ठिकाणी, त्याच मापाने पुनःपुन्हा येते ती मोजून दुरुस्त करता येते. जी तशी येत नाही, तिच्यावर कोणताही कोष्टकी उपाय चालत नाही. हा भेद अठराव्या शतकाच्या अखेरीपासून क्रमाक्रमाने स्पष्ट होत गेला. स्टेपर यंत्राच्या दुरुस्तीत आज जी गफलत वारंवार होते, तिचे मूळ ह्या भेदाच्या विस्मरणात आहे.

लंडन येथील जेसी रॅम्सडेन ह्याचे वर्तुळविभाजक यंत्र १७७५ च्या सुमारास पूर्ण झाले. ४५ इंच व्यासाच्या चाकाच्या कडेवर २१६० दाते आणि त्यांत अडकलेला एक स्क्रू, अशी त्याची रचना होती. स्क्रूच्या एका फेऱ्याने चाक १० कला फिरे. स्क्रूवरील चकतीचे ६० भाग केलेले असल्याने प्रत्येक भाग १० विकलांचा होई. ब्रिटिश रेखांश मंडळाने रॅम्सडेनला एकूण ६१५ पौंड दिले व त्या बदल्यात यंत्राचे वर्णन प्रसिद्ध करावयास लावले. ते १७७७ साली प्रकाशित झाले. जहाजावरील सेक्स्टंटच्या विभागणीतील चूक समुद्रावर कित्येक मैलांची होत असल्याने ह्या खर्चास कारण होते. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, येथे प्रथमच ‘इतके फेरे म्हणजे इतके अंतर’ हा विश्वास नौकानयनासारख्या व्यवहाराचा आधार झाला. फेरे मोजणे हे स्थान मोजण्याच्या जागी आले. आजचे स्टेपर यंत्र तोच विश्वास बाळगून आहे.

हा विश्वास किती नाजूक आहे, ह्याचा एक दाखला भारतातीलच आहे. विल्यम लॅम्टन ह्याने दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय पाहणीसाठी विल्यम केरी ह्याच्याकडून ३६ इंची वर्तुळाचा सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट आणविला होता. १८०८ मध्ये सरफोजी राजांच्या तंजावरात हे उपकरण मोठ्या मंदिरावर चढवीत असता दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळले. वर्तुळ वाकले. लॅम्टनने सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा गोलाईस आणले. पण पूर्ववत झाले असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? वर्तुळावरील रेघा होत्या तेवढ्याच होत्या, त्यांच्यामधील अंतरे मात्र निरीक्षकास ठाऊक नव्हती. लॅम्टन १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. एव्हरेस्टच्या काळात एकच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर फिरवून फिरवून मोजण्याची पद्धत कसोशीने पाळली गेली. वर्तुळाचा एक भाग कोन वाढवून दाखवीत असेल तर दुसरा घटवून दाखवील, आणि सरासरीत दोष पुष्कळसा विरून जाईल, हा त्यामागील विचार होता. चूक दुरुस्त झाली नव्हती, ती वाटली गेली होती.

दुसरा मार्ग एडवर्ड ट्रॉटन ह्याचा. १८०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपली विभागणीची रीत मांडली आणि त्याच वर्षी तिला कोप्ली पदक मिळाले. ट्रॉटनने आरंभीच्या खुणा अचूक करण्याचा हट्ट धरला नाही. लहान चाक फिरवून त्याने २५६ खुणा उमटविल्या, सूक्ष्मदर्शकांच्या साह्याने प्रत्येक खुणेची चूक मोजली, तिचे कोष्टक तयार केले आणि अखेरच्या रेघा ओढताना ती चूक वजा केली. आजच्या सीएनसी नियंत्रकात लीड स्क्रूच्या चुकांचे जे कोष्टक भरता येते, त्याचा पूर्वज हाच. ट्रॉटनच्या रीतीला एक अट मात्र होती : मोजल्यानंतर चूक जागची हलता कामा नये. हातातील खुणा कोरून स्थिर झालेल्या होत्या म्हणूनच त्याचे कोष्टक खरे ठरले.

हेन्री मॉडस्लेचा १८०० च्या आगेमागे सिद्ध झालेला स्क्रू कापण्याचा लेथ सर्वश्रुत आहे. त्याहून येथे अधिक उद्बोधक आहे तो त्याचा पाच फूट लांबीचा स्क्रू. त्याला इंचात ५० आटे होते आणि त्याचा नट १२ इंच लांब, म्हणजे ६०० आट्यांचा होता. एवढा लांब नट कशासाठी? एखाद्या आट्यातील चूक ६०० आट्यांत विभागली जावी म्हणून. सरासरीचे जे काम एव्हरेस्टच्या निरीक्षकांनी वहीत केले, ते मॉडस्लेने धातूत केले.

परंतु सरासरीने न मरणारी अशीही एक चूक असते. तिचा पत्ता लावण्याचे श्रेय प्रामुख्याने वर्णपटाच्या अभ्यासाकडे जाते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड ह्याने १८८२ च्या सुमारास धातूच्या आरशावर इंचात १४,४३८ रेघा ओढणारे यंत्र उभारले. त्यासाठी लागणारा स्क्रू त्याने कापून नव्हे, तर घासून सिद्ध केला. लांबीत चिरलेला लांब नट स्क्रूवर बसवावयाचा, तेल व कुरुंदाची पूड घालून तो फिरवावयाचा, दर दहा मिनिटांनी नटाची दिशा उलटावयाची, आणि हे सुमारे दोन आठवडे चालवावयाचे. तरीसुद्धा स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक सूक्ष्म पुढेमागे होणे शिल्लक राहिले. स्क्रूचे टोक ज्या आधारावर टेकते तो किंचित तिरपा असला की दर फेऱ्यास असे होणारच. प्रकाशलहरीच्या लहानशा अंशाइतकी ही आवर्ती चूक कोणत्याही मोजपट्टीने दिसली नसती. वर्णपटात मात्र खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंस खोट्या रेषा उमटल्या. त्यांना ‘रोलंडची भुते’ असे नाव पडले. भुतांच्या अंतरावरून चुकीचा आवर्तनकाल कळे, आणि आवर्तनकालावरून दोषी भाग. फेऱ्यामागे एकदा येणारी चूक असेल तर दोष स्क्रूच्या बैठकीत शोधावयाचा, लांबीभर वाढत जाणारी असेल तर आट्यांच्या अंतरात. चुकीच्या आकारमानावरून नव्हे, तर तिच्या घडणीवरून कारण ओळखण्याची ही रीत यंत्रशास्त्राला मिळालेली मोठी देणगी होय. रोलंडची कीर्ती त्याच्या जाळ्यांसाठी आहे. ह्या निदानपद्धतीचा उल्लेख त्या मानाने क्वचित होतो.

भारतीय कारखान्यांना ह्या प्रश्नाचा जो परिचय झाला तो फार वेगळ्या निमित्ताने. १९५६ साली वजनेमापांचा नवा कायदा झाला आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. कारखान्यांतील कित्येक लेथचे लीड स्क्रू मात्र इंचाचेच राहिले. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे अशा लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक कापावयाचे तर गियरमालिकेत १२७ दात्यांचे चाक हवे. ते नसले किंवा चौकटीत मावले नाही, तर ६३ दात्यांचे चाक लावून काम भागविता येते. त्यातून येणारी चूक ८००० भागांत एक, म्हणजे मीटरभर लांबीत ०.१२५ मिलिमीटर. बोल्टाच्या बोटभर आट्यात ती कोणासही जाणवत नाही. तोच आटा यंत्राचा लीड स्क्रू म्हणून वापरला तर प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात खोटे ठरते. प्रमाणात वाढणाऱ्या चुकीचे ह्याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

जुन्या लेथवर काम करणाऱ्या कारागिराजवळ आणखी एक ज्ञान होते, आणि ते बहुधा हातातच राहिले. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये थोडी फट असतेच. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतो, यंत्रशास्त्र ‘बॅकलॅश’. हँडल उलट फिरविले की आरंभी काही अंश ते रिकामे फिरते. म्हणून खूण चुकून पुढे गेली तर कारागीर हँडल नुसते मागे आणीत नाही. खुणेच्या बराच मागे जातो आणि पुन्हा त्याच बाजूने खुणेवर येतो. चूक नाहीशी न करता ती प्रत्येक वेळी एकाच बाजूस पाडावयाची, हे त्यातील मर्म. यंत्र स्वयंचलित झाले तेव्हा जे हात बाजूला झाले, त्यांच्याबरोबर ही सवयही बाजूला झाली.

नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला. सोव्हिएत परवान्याने बनणाऱ्या मिग-२१ विमानाचा सांगाडा येथे, इंजिन कोरापुटला आणि वैमानिकी उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. त्या काळच्या सोव्हिएत विमान उद्योगात भागांचे आकार पूर्ण मापाच्या आरेखनपटावरून पत्र्याच्या नमुन्यांत उतरविले जात, आणि नमुन्यांवरून जिग सिद्ध होत. स्थान हे आकड्यांत नव्हे, तर वस्तूंत साठविलेले असे. दोन भाग जुळतात ते दोन्ही एकाच नमुन्याचे वंशज असतात म्हणून.

अमेरिकेत नेमक्या अशाच नमुन्यांच्या अडचणीतून आकडेवारी यंत्र जन्मास आले होते. मिशिगनमधील जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी नमुने करीत असे. फ्रँक स्टुलेन ह्याच्या साह्याने त्याने वक्ररेषेवरील २०० बिंदू छिद्रपत्रांच्या गणकयंत्रावर काढले, आणि कामगारांनी ते आकडे वाचून मिलिंग यंत्राच्या दोन्ही चाकांवर फिरविले. १९४९ मध्ये अमेरिकन वायुदलाचे कंत्राट मिळाले. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने हे काम हाती घेऊन १९५२ मध्ये छिद्रफितीवर चालणारे तीन अक्षांचे यंत्र दाखविले. ह्या यंत्रात पल्सची मोजणी होती, पण तेवढीच नव्हती. प्रत्येक अक्ष प्रत्यक्ष कोठे आहे ह्याची खबर परत येत असे, आणि हुकूम व खबर यांतील फरक शून्य होईपर्यंत मोटर चालत असे.

स्टेपर मोटरची वंशावळ निराळी आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश युद्धनौकांवर दूरच्या तोफेला दिशा कळविण्यासाठी पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरी वापरल्या गेल्या. एका टोकाला दांडा इतकी पावले फिरला, तर दुसऱ्या टोकालाही तितकीच पावले फिरावीत, अशी योजना होती. मध्येच एखादे पाऊल हुकले तर दुसऱ्या टोकाला ते कळत नसे. म्हणून ही उपकरणे वेळोवेळी मूळ जागेशी जुळवून घ्यावी लागत. हा दोष आरंभापासून माहीत होता. तरीही जपानमध्ये फुजित्सूच्या सेइउएमोन इनाबा ह्याने १९५९ मध्ये तेलदाबाच्या जोरावर चालणारी पल्समोटर सिद्ध केली, आणि तिच्यावर जपानी आकडेवारी यंत्रांची एक पिढी उभी राहिली. परतीच्या खबरीचा खर्च त्यात वाचत होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ मध्ये, इनाबाच्या फानुक कंपनीने ती मोटर सोडून अमेरिकन परवान्यावर डीसी सर्व्हो मोटरी स्वीकारल्या. मोठ्या यंत्रांतून बाहेर पडलेले हे तत्त्व लहान यंत्रांत मात्र टिकले, आणि एकविसाव्या शतकात स्वस्त स्टेपर व स्वस्त नियंत्रकांमुळे ते पुन्हा सर्वत्र पसरले. ह्या पुनरागमनास प्रगती म्हणणे धाडसाचे होईल. किंमत कमी करण्यासाठी एक जुने अज्ञान जाणून-बुजून पत्करले गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून आहे.

ह्या अज्ञानाचे स्वरूप आकड्यांत पाहता येते. नेहमीच्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात, म्हणजे पाऊल १.८ अंशांचे. लीड स्क्रू फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकत असेल तर पाऊल ०.०२५ मिलिमीटरचे झाले. एका पावलाच्या जागेत सुमारे पाच टक्के चूक असू शकते. ती साचत नाही, म्हणून निरुपद्रवी आहे. मोटरवर भार आला की तिचा फिरता भाग हुकमाच्या मागे रेंगाळतो. भार पूर्ण धारणशक्तीइतका झाला की हे मागे राहणे एका पावलाएवढे होते, आणि त्यापलीकडे पकड सुटते. पकड सुटली म्हणजे मोटर मनास येईल तेथे थांबत नाही. तिच्या फिरत्या भागास ५० दाते असतात, आणि ती पुढच्या किंवा मागच्या दात्यात जाऊन बसते. म्हणून हुकलेली पावले चाराच्या पटीत असतात, आणि वरील स्क्रूवर त्यांतून होणारी स्थानच्युती ०.१ मिलिमीटरच्या पटीत असते. रोलंडने भुतांच्या अंतरावरून जे ओळखले, ते येथे डायल गेजच्या काट्यावरून ओळखता येते.

मायक्रोस्टेपिंगने पाऊल दहा भागांत तोडले म्हणजे यंत्र दहापट अचूक झाले, ही समजूत कारखान्यांत व विद्यार्थ्यांत सारखीच आढळते. पावलाचा दहावा भाग फिरविण्यास मोटर आपल्या धारणशक्तीच्या १६ टक्क्यांहून किंचित कमी जोर लावू शकते. मार्गिकेतील घर्षण त्याहून अधिक असेल तर ते छोटे पाऊल पडतच नाही; दोनतीन साचली की एकदम उडी पडते. चाल गुळगुळीत होते हे खरे, पण गुळगुळीतपणा आणि स्थान ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निदानाची वाट आता स्पष्ट होते. यंत्र शून्यावर आणून डायल गेज लावावयाचा, मग ते दूरवर, वेगाने, अनेकदा फिरवून पुन्हा शून्यावर, आणि त्याच बाजूने, आणावयाचे. काटा पूर्वीच्या जागी आला तर पावले हुकलेली नाहीत. दोष स्क्रूत, नटात, प्रमाणात किंवा यंत्राच्या चौकटीत आहे, आणि तो ट्रॉटनच्या रीतीने मोजता येईल असा आहे. काटा परत आला नाही तर कोष्टकास हात लावणे व्यर्थ. तेव्हा फरक ०.१ च्या पटीत आहे का हे पाहावे. असेल तर वेग, प्रवेग किंवा भार जास्त आहे. फरक बारीक असून दिशाबदलांच्या संख्येबरोबर एकाच बाजूस वाढत असेल, तर दिशेचा संकेत व पल्स यांच्या वेळा जुळत नाहीत असे समजावे. फेऱ्यास २००० पल्स असतील तर एकेक हुकलेला पल्स ०.००२५ मिलिमीटरचा, पण अशा शंभर आवर्तनांत तो पाव मिलिमीटर होतो. ह्यांपैकी कोणताच नियम न पाळणारा फरक असेल तर कपलिंगचा सैल झालेला स्क्रू आधी पाहिलेला बरा.

प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा पहिला हात पडतो तो ‘मिलिमीटरमागे पल्स’ ह्या आकड्यावर, कारण तो पडद्यावर आहे आणि बदलण्यास सोपा आहे. समजा २० मिलिमीटरचा चौकोन कापला आणि व्हर्निअरने तो १९.९ भरला. उणीव बॅकलॅशची आहे; ती दिशा बदलताना एकदाच ०.१ ची येते, मग अंतर कितीही असो. तिला प्रमाणाची चूक समजून आकडा वाढविला, तर चौकोन २० चा बरोबर होतो, कारागिराचे समाधान होते, आणि पुढच्या जॉबवर ३०० मिलिमीटरचे अंतर जवळजवळ ३०१.५ होऊन बसते. मूळ दोष ०.१ चा होता. दुरुस्तीने तो पंधरापट झाला, तोही नाहीसा न होता. ६३ दात्यांच्या चाकाची चूक खरोखर प्रमाणाची होती आणि ती लांबीवरच उघडी पडे. येथे प्रमाणाची नसलेली चूक आखूड लांबीवर मोजून प्रमाणाची ठरविली जाते. दोन्हींवर उतारा एकच : माप यंत्राच्या पूर्ण चालीवर, किमान दोन भिन्न अंतरांवर घ्यावयाचे.

शेवटची बाब तापमानाची. मोजमापाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान १९३१ पासून २० अंश सेल्सिअस आहे. पोलाद अंशामागे मीटरला सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. नाशिकला हिवाळ्यातील पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि उन्हाळ्यातील दुपार चाळिशीला टेकते. १५ अंशांच्या फरकाने अर्ध्या मीटरचा पोलादी स्क्रू सुमारे ०.०८६ मिलिमीटर वाढतो. हा आकडा एका दात्याच्या घसरणीच्या इतका जवळ आहे की घाईत एक दुसऱ्याच्या नावावर खपतो. दोन्हींतील फरक घड्याळ दाखविते. दाता एका क्षणात सुटतो, स्क्रू तासातासाने वाढतो. रोलंडचे यंत्र तळघरात ठेवलेले असे आणि एकेक जाळे ओढण्यास अनेक दिवसरात्री लागत असल्याने तेथील तापमान अखेरपर्यंत स्थिर राखावे लागे. नाशिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या तळघराच्या जागी एवढेच करता येते की, सकाळी ठरविलेले शून्य दुपारच्या जेवणानंतर डायल गेजने पुन्हा पाहावयाचे आणि त्यापुढे वहीत वेळ लिहावयाची.